पुस्तकात नसलेलं वाक्य

दादा, आपल्या घरात आता पळण्यावरची चार पुस्तकं आहेत. माझी सून पळते. पहाटे उठून फुगीर तळव्यांचे बूट घालते, मनगटाला घड्याळ बांधते, धाराशिवच्या बाहेर पाच-सहा किलोमीटर जाते आणि पळतच परत येते. कुणाला निरोप द्यायचा नाही, कुणाला बोलवायचं नाही, काही आणायचंही नाही. तुम्ही असता तर पहिल्या दिवशी विचारलं असतंत, ‘मंग गेलीच कशाला?’ आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आधी उठून तिची वाट बघत दारात बसला असतात. ती पुस्तकं तिच्या उशाशी असतात. ती ऑफिसला गेली की मी चष्मा लावून चाळते. मला पळायचं नाही, माझे गुडघे जिना चढताना सुद्धा बोलतात. मी त्या पुस्तकांत एक वाक्य शोधत असते. आज नाही, पन्नास वर्षं शोधते आहे. स्टँडवरचा स्टॉल असो, शाळेचं कपाट असो, पळण्यावरचं काही दिसलं की आधी ते वाक्य बघते. अजून कुठं सापडलं नाही, आणि सापडलं नाही की मला बरं वाटतं.

आठ दिवसांपूर्वी सूनबाईनं अक्काला फोन लावला. नात्यातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की आपल्या घरात पूर्वी एक पळणारी मुलगी होती, आता जळकोटच्या बाजूला असते, म्हातारी झाली, पण बोलायला खणखणीत आहे. तासभर चालला तो फोन. सूनबाई हसते काय, ‘बाई गं’ म्हणते काय, मधेच कागद शोधते काय. मी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. आठ वर्षं ही पोरगी माझ्या घरात आहे, मला तिनं असं तासभर कधी ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलेली. ‘हातचं राखून पळू नये. जे राखलं, ते ओझं होऊन घरी परत न्यावं लागतं.’ आणि खाली नाव, ‘अक्कामावशी’.

ते वाक्य माझं आहे, दादा, तुमच्या लेकीचं. अक्काचं नाही, आणि तुम्ही मरेपर्यंत समजत होता तसं त्या पुस्तकाचंही नाही. मी तेरा वर्षांची असताना ते केलेलं आहे, उभ्या आयुष्यात मी केलेली तेवढीच एक चीज, आणि ती माझ्याच फ्रिजवर दुसरीच्या नावानं लागली आहे. मी काढली नाही चिठ्ठी. काढायला जावं तर कसं केलं ते सांगावं लागतं, आणि ते सांगण्यासारखं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते.

तुम्हाला आठवतं का, ते पुस्तक कसं आलं? बहात्तरचा दुष्काळ सुरू होता. तुम्ही गावच्या सहकारी सोसायटीचे शिपाई. मीटिंगची नोटीस निघाली की ती टोपीत घालून वस्त्यावस्त्यांवर पोचवायची, अंगठे घ्यायचे, दिवस मावळायच्या आत परत यायचं. सायकल नव्हती, म्हणून तुम्ही पळत जायचात. गावातली माणसं हसायची. ‘पळतोय त्यो एक तर चोर, न्हायतर चपराशी,’ असं सोसायटीचे सेक्रेटरीच म्हणायचे, आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर हसायचात. अशात सोसायटीच्या कामासाठी तुम्ही तुळजापूरला गेलात आणि येताना कवड्यांच्या माळा विकणाऱ्या एका बाईच्या पथारीवरून जुनं पुस्तक घेऊन आलात. कव्हर अर्धं फाटलेलं. कुणी लिहिलं, कुणी मराठीत आणलं, नाव काय, काही कळायला मार्ग नव्हता. उरलेल्या अर्ध्या कव्हरावर आखूड चड्डीतला एक माणूस पळत होता. तुम्हाला सहीपुरती चार अक्षरं गिरवता यायची, वाचता त्यातलं एकही येत नव्हतं. तरी चित्रावर बोट ठेवून तुम्ही मला म्हणालात, “पळण्यावर बी पुस्तक असतंय व्हय गं? आन म्या जलमभर पळतोय, मला कुणी सांगितलंबी न्हाय.” तुमचा चेहरा मी तसा त्याआधी बघितला नव्हता. तुम्हाला कुणीतरी खुर्ची दिली होती जणू.

मग रोज दिवस कलला की आपली बैठक. सोसायटीचं दार बंद करून तुम्ही ओट्यावर बसायचात आणि मी उजेड असेपर्यंत वाचायचे. सहावीत होते, वाचायला चांगली होते, शाळेत बाई माझ्याकडूनच धडा वाचून घ्यायच्या. काय एकेक होतं त्या पुस्तकात! सकाळी दूध, अंडी आणि दोन संत्री खावीत. आपण रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर दिवस काढत होतो, शाळेत सुकडी मिळाली तर सण. तुम्ही मला ते संत्र्यांचं पान चारदा वाचायला लावायचात आणि डोळे मिटून ऐकायचात. ‘पाऊस फार असल्यास धावण्याचा सराव घरातच करावा’ असं एका ठिकाणी होतं. तिथं तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. “ह्यो गडी आपल्याकडचा न्हाय,” म्हणालात. दादा, मला पळण्याशी काही देणंघेणं नव्हतं. पुस्तकात काय आहे त्याच्याशीही नव्हतं. वाचून मान वर केली की तुम्ही माझ्याकडंच बघत असायचात, मला तेवढंच हवं होतं. दिवसभर सगळं गाव तुम्हाला हाक मारायचं, पळवायचं. ती वेळ तेवढी माझी होती.

आणि अक्का आली. तुमचे थोरले भाऊ वारले, चुलती माहेरी गेली, आणि त्यांची पोर आपल्याकडं राहिली. माझ्याहून दीड वर्षानं मोठी, म्हणून मी अक्का म्हणायला लागले. शाळा दुसरीतच सुटलेली, अक्षरं तेव्हाच विसरलेली. आईबरोबर ती दुष्काळी कामावर जायची, तेरणा नदीकडं जाणारा मुरमाचा रस्ता चालला होता, त्यावर पाट्या टाकायची. संध्याकाळी धुळीनं भरलेली येऊन ओट्याच्या पायरीवर बसायची आणि पाय चोळत ऐकायची. ऐकायची म्हणजे काय, गिळायची. मी वाचलं की श्वास नाकानं घ्यावा, तर दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन जाताना तिचं तोंड बंद. मी वाचलं की टाच आधी टेकू नये, तर ही घरात सुद्धा चवड्यांवर चालणार. आई वैतागून म्हणायची, “नीट चाल की गं, काटा मोडलाय का?” मला हसू यायचं. तेव्हा अजून हसू यायचं.

मग तुमच्या पायाला दगड लागला. अंगठा काळानिळा, आणि दूरच्या वस्तीवर त्याच दिवशी नोटीस पोचवायची. अक्का म्हणाली, “काका, म्या जाऊ?” तुम्ही नको नको म्हणत दिलीत. चुन्याची डबी काढलीत, तंबाखू मळलीत, दाढेखाली धरलीत. सेक्रेटरींशी चार गोष्टी केल्यात. आणि अक्का परत. कागदावर सगळे अंगठे. तुम्ही आधी रागावलात, मधूनच परत आलीस म्हणून. मग कागद बघितलात, मग तिच्याकडं बघितलंत. ते बघणं मी ओळखलं, दादा. ते माझं होतं.

त्यानंतर पुस्तक तेच, ओटा तोच, वाचणारी मीच, पण तुम्ही बघायचात तिच्याकडं. मी ओळ वाचली की तुम्ही तिला विचारायचात, “कळलं का गं? उद्या बघू करून.” मी म्हणजे कंदील झाले होते. नवा मुरमाचा रस्ता झाला तसं तुम्ही तिला पहाटे तिथं न्यायला लागलात. मैलाच्या पहिल्या दगडापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत ती पळायची आणि तुम्ही फाटकात उभे. एकदा मीही गेले. कुणी बोलावलं नव्हतं. अक्काच्या मागून पळत सुटले, परकराचा काष्टा मारून. निम्म्यात धाप लागली, पोटात कळ आली, तरी पळत राहिले. फाटकाशी पोचले तेव्हा अक्काचं पाणी पिऊन झालं होतं. तुम्ही मला म्हणालात, “तू कशाला गं? तू वाच. पळायचं तिला असू दे. एकाच पोरीला सगळं कसं मिळंल?” रागानं नाही म्हणालात. रागानं म्हणाला असतात तर मी विसरले असते. पुढं चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, दोन पोरांत वाटणी कशी करायची ते मलाही कळतं. बाप नाही, शाळा नाही, तिच्याकडं पाय तेवढे होते, आणि तुम्ही ते तिचे राहू दिलेत. सगळं कळतं. कळून काय उपयोग? मला अजून झोंबतं ते.

दुष्काळ सरला. पुढच्या साली पाऊस झाला. त्याच्या पुढच्या साली सहकार सप्ताहात उस्मानाबादला शर्यती ठेवल्या होत्या, सोसायटीच्या सभासदांच्या आणि नोकरांच्या पोरापोरींच्या. शाळेत असायची अट नव्हती. सेक्रेटरींनी नाव घातलं आणि तुमचे पाय जमिनीवर ठरेनात. पुस्तक पुन्हा पहिल्यापासून. शर्यतीला आठ दिवस राहिले तेव्हा आपण त्या प्रकरणाला आलो. अक्का पायरीवर बसून तळपायाला करडईचं तेल लावते आहे. तुम्ही भिंतीला टेकून. पान माझ्यासमोर. त्यावर छापलं आहे: सुरुवातीला दम राखावा, पहिल्या फेऱ्यांत मागं राहिल्यास घाबरू नये, सगळी ताकद शेवटच्या फेरीसाठी शिल्लक ठेवावी. मी ते मनात वाचलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं की हे हिला सांगितलं नाही तर ही पहिल्याच फेरीत ऊर फुटेस्तोवर पळेल आणि सगळ्या जिल्ह्यासमोर मटकन खाली बसेल. तुम्ही बघाल. मग तुम्ही तिच्यावरची नजर काढाल. एवढं सगळं मी एका श्वासात ठरवलं. पुस्तकासारखा आवाज लावून म्हणाले, “हातचं राखून पळू नये. जे राखलं, ते ओझं होऊन घरी परत न्यावं लागतं.”

तुम्ही भिंतीपासून पुढं सरकलात. “परत वाच.” मी परत म्हणाले. पानाकडं बघत होते, पान दुसरंच सांगत होतं. “आनी एकदा.” तिसऱ्यांदा म्हणताना माझे कान तापले होते. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. “आरारा! काय बोललाय गडी! दुष्काळात म्या ह्येच बगितलं. कणगीत राखून ठिवलं, त्यात किडं झालं.” दोन वर्षं मी तुम्हाला ते पुस्तक वाचून दाखवत होते, त्यातल्या एकाही वाक्यानं तुम्हाला असं केलं नव्हतं. अक्का म्हणाली, “काका, म्हंजी पयल्यापासनंच सोडायचं?” तुम्ही म्हणालात, “पुस्तकात लिवलंय की.” मी पुस्तक मिटलं.

शर्यतीच्या दिवशी एसटीनं आपण तिघं गेलो. पुस्तक तुमच्या सदऱ्याच्या आत. मैदान बघून अक्का घाबरली. तिला वाटलं होतं रस्ता असेल. चुन्यानं आखलेली गोल रेघ बघून ती मला म्हणाली, “गोल पळायचं? मग पोचायचं कुठं?” आठ फेऱ्या होत्या. शिट्टी झाली आणि ती वारं प्यालेल्या वासरासारखी सुटली. बाकीच्या पोरी बेतानं निघाल्या. त्यांच्या शाळेचे मास्तर हसत म्हणाले, “ही तिसऱ्या फेरीला बसणार.” मीही तेच म्हणत होते, मनात. देवाचं नाव घेऊन म्हणत होते. तिसरी फेरी झाली, चौथी झाली. ती बसेना. तिच्या तोंडाला फेस आला होता, ओढणीसारखं खोचलेलं फडकं सुटून पडलं होतं, आणि तिच्यात आणि दुसरीत अर्धं मैदान होतं. ती जिंकली. नुसती जिंकली नाही, थांबलीच नाही. नववी फेरी सुरू केली. लोक ओरडतायत, ‘झालं, झालं’, आणि तिला वाटतंय आणखी पळायला सांगतायत. शेवटी तुम्ही मैदानात घुसलात. दगड लागल्यापासून अधू झालेल्या अंगठ्याच्या पायानं तिच्या मागं अर्धी फेरी पळालात, दंड धरून थांबवलंत. ती धापा टाकत तुम्हाला म्हणाली, “पोचले का, काका?” सगळं मैदान हसलं. तुम्ही रडत होतात. मी टाळ्या वाजवत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन आपण परत आलो. त्या दिवसापासून ते वाक्य गावाचं झालं. तुम्ही ते कुठं नाही सांगितलंत? विहीर खणणाऱ्यांना सांगितलंत, लग्नात पंगत वाढणाऱ्या पोरांना सांगितलंत. ‘पुस्तकात लिवलंय,’ असं आधी म्हणायचात आणि मग आवाज बदलून वाक्य. तोच आवाज, मी लावला होता तो. एका वर्षी सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमन उठले आणि कर्ण्यातून तेच म्हणाले. सभासदांनी हातचं राखून काम करू नये. मी बायकांच्या घोळक्यात मागं बसले होते. कर्ण्यातून माझं वाक्य येत होतं, लोक माना डोलावत होते, आणि तुम्ही कोपऱ्यात उभे राहून अक्काकडं बोट दाखवत होतात. किती वेळा जिभेवर आलं, दादा, की ते माझं आहे. पण पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच, ‘मंग तसं का वाचलीस?’ त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, तेच तर नको होतं.

मी दहावीला पहिल्या वर्गात आले तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. कबूल. पण पुस्तक तुम्ही अक्काला दिलंत. तिच्या लग्नात, रुखवतात. करंज्या, लाडू, मण्यांचं तोरण, आणि त्यांच्या मधोमध पाटावर अर्ध्या कव्हराचं ते पुस्तक, त्याला हळदकुंकू लावलेलं. वराकडच्या बायका खुदुखुदु हसत होत्या. एकीनं विचारलं, “नवरी पळून बिळून जायची का काय?” तुम्ही ताठ मानेनं म्हणालात, “आमची पोर पळलीया. तिचं पुस्तक हाय ते.” तिचं! जिला त्यातलं ‘अ’ कळत नव्हतं तिचं! मी त्या पुस्तकाची सगळी पानं तोंडपाठ म्हणून दाखवली असती. मी मांडवाच्या मागं जाऊन रडले. आई म्हणाली, बहीण सासरी चालली म्हणून रडते.

तीन-चार वर्षांनी अक्का दिवाळीला आली ती उड्या मारतच. तिच्या गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला होता. ती वाचायला शिकली होती, आणि सगळ्यात आधी तिनं काय वाचलं असेल? मला हात धरून परड्यात नेलं. तोंडावर पदर धरून हसत होती. “अगं, ते वाक्य न्हायच की त्यात! समदं पुस्तक वाचलं म्या, बोट ठिवून ठिवून. तिथं तर उलटंच लिवलंय.” आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. “तूच घातलंस न्हवं? माझ्यासाठी? तुला ठाव व्हतं, मला राखून पळाया जमत न्हाय.” दादा, तिला खरंच तसं वाटलं. तिच्या मनाला दुसरं काही शिवलंच नाही. मग हळूच म्हणाली, “काकांला सांगू नगंस हां. तेंचं लई आवडतं वाक्य हाय ते. मन मोडंल.” मी मान हलवली. त्या दिवशी मला तिचा जेवढा राग आला तेवढा मैदानातही आला नव्हता. पायांनी जिंकली ते जिंकली, आता मनानंही माझ्याहून मोठी निघाली, आणि मला साधं ‘नाही गं, तसं नव्हतं’ म्हणता येईना.

आता राहिलं ते सांगते. आई गेली, तुमच्या छातीत पाणी झालं, आणि मी तुम्हाला माझ्याकडं तेरला आणलं. मी तिथल्या शाळेत होते, माझे मिस्टर नोकरीसाठी लातूरला. डॉक्टर म्हणाले होते की आता घरीच ठेवा. त्या दुपारी तुम्ही बरे होतात. दोन उशांना टेकून बसलात आणि म्हणालात, “पुस्तक वाच की गं. पळायचं.” पुस्तक अक्काकडं होतं. मी कपाटातून खाकी कव्हर घातलेलं भूगोलाचं पुस्तक घेतलं, समोर धरलं आणि सुरू केलं. पहिल्या पानापासून. श्वास, टाच, संत्री. पाऊस फार असल्यास, इथं तुम्ही हसलात, ठसका लागला, मी पाणी दिलं. पान उलटायच्या वेळी मी भूगोलाचं पान उलटत होते. किती वर्षांनी तुम्ही माझ्याकडं बघत होतात! मग ते प्रकरण आलं. मी तेच म्हणाले, माझं. तुम्ही हात वर केलात. “हितं थांब.” डोळे मिटलेत. मग म्हणालात, “ज्यानं ह्ये लिवलं ना, त्यो सोता पळलेला असणार बघ. बसून असलं सुचत न्हाय.”

मी तोंड उघडलं होतं, दादा. शप्पथ. ‘ते मी केलंय’, एवढंच म्हणायचं होतं, मग तुम्ही काहीही विचारलं असतंत तरी चाललं असतं. आणि तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, “अक्काला बोलीव. तिला बगू वाटतंय.”

मी पिशवी घेऊन उठले. पोस्ट जवळच होतं, उघडं होतं. तारेचा कागद मागून घेतला. अक्काचा पत्ता लिहिला. ‘दादा अत्यवस्थ, ताबडतोब ये.’ मग तो कागद घडी करून पिशवीत टाकला आणि समोरच्या लिंबाच्या पारावर पाव तास बसून राहिले. घरी येऊन सांगितलं, “केली तार.” तुम्ही विचारलंत, “निगाली असंल का?” मी म्हणाले, “निघाली असेल.” दिवस मावळेपर्यंत तुम्ही तीनदा विचारलंत. तिन्ही वेळा मी तेच म्हणाले आणि तुमच्या पायांना तेल लावलं. तार मी दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडल्यावर केली. दुपारी तुम्ही गेलात.

अक्का आली तेव्हा आम्ही सगळं उरकून परत आलो होतो, अंगणात माणसं बसली होती. ती स्टँडपासून पळत आली. चपला एका हातात, लुगडं पोटरीपर्यंत वर धरलेलं, दुसऱ्या मुठीत तार. माणसं उठून बाजूला झाली. तिनं आत जाऊन रिकामी बाज बघितली, मग माझ्याकडं बघितलं, मग मुठीतला कागद उलगडला. तारेवर दिवस असतो, वेळ असते, आणि तिला आता वाचता येत होतं. तिनं तो कागद बघितला की नुसताच उलगडला, मला आजवर माहीत नाही. घडी करून कमरेला खोवला आणि म्हणाली, “बरं झालं, तू तरी जवळ व्हतीस.”

माफी मागावी म्हणून कागद घेतला होता. इतकं लिहून झालं तरी माफी काही येत नाही. ती संध्याकाळ तुम्ही दाराकडं बघत काढलीत, माझ्याकडं बघत नाही, हेही मला माहीत आहे. तरी घरात आपण दोघंच होतो, आणि ती संध्याकाळ मला अजून परत द्यावीशी वाटत नाही. हे पत्र कुठं धाडायचा प्रश्नच नाही. पण एक सांगते, तुम्ही कुठं असता, तिथला पत्ता मला ठाऊक असता, तरी मी हे धाडलं नसतं. तुम्हाला वाचता येत नाही, दादा. पत्र आलं की तुम्ही ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंत, आणि त्यासाठी तुम्ही अक्कालाच बोलावलं असतंत.